संगणकाची भाषा : एक हिशेबी विचार

संगणकाची कोणती भाषा श्रेष्ठ, यावर संगणकाचा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांत नेहमी वाद रंगतो. कोणी पायथॉनची बाजू घेतो, कोणी जावाची. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला या वादात एक उणीव जाणवते. भाषा कोणत्या कामासाठी, कोणाच्या हाती आणि किती वर्षांसाठी, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या भागातला दुकानदार गिऱ्हाईक पाहून मराठी किंवा कन्नड बोलतो. भाषांची तुलना करीत तो बसत नाही, कारण त्याला व्यवहार पुरा करावयाचा असतो. आज्ञावली लिहिणाऱ्या गटानेही असाच व्यवहार पाहावा, असे मला वाटते. भाषेची निवड हा भांडवली खर्चाचा निर्णय होय.

पहिला प्रश्न कामाचा. १९५९ साली अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने एक समिती बसली व तिने कोबोल ही भाषा आखली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची तिच्यावर मोठी छाप होती. ही भाषा व्यापारी हिशेबासाठीच होती. संगणक आतून द्विमान पद्धतीने मोजतो व त्या पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी मांडता येत नाही, जशी दशमानात एकतृतीयांश मांडता येत नाही. त्यामुळे अनेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज ०.३ पेक्षा किंचित अधिक भरते. पैशाच्या हिशेबासाठी तेथे वेगळी सोय वापरावी लागते. कोबोलमध्ये दशमान आकडेमोड मुळातच आहे. ताळेबंद जुळविताना पैशापैशाचा फरक शोधणाऱ्याला याचे मोल सांगावयास नको.

दुसरा प्रश्न माणसांचा. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात दाखविले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. कारण साधे आहे. पाच माणसांत परस्परसंवादाच्या जोड्या १० होतात. माणसे दहा केली की त्या ४५ होतात. म्हणून लहान गटाला काम आटोक्यात ठेवू देणारी भाषा मोलाची. एर्लांग ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोनच्या कामासाठी जन्मली. असंख्य संभाषणे एकाच वेळी चालावीत व एक बिघडले तरी बाकीची बंद पडू नयेत, ही तिची खुबी. व्हॉट्सॲपचे कामही त्याच जातीचे होते. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते व अभियंते अवघे ३२.

मग जुने टाकून नवे घ्यावे काय? तसेही नाही. फेसबुक २००४ साली पीएचपी या भाषेत सुरू झाले. पुढे पसारा वाढला तेव्हा लिहिलेले सारे त्यांनी मोडीत काढले नाही. पीएचपी वेगाने चालविणारी साधने त्यांनी तयार केली व २०१४ मध्ये तिच्यातूनच हॅक ही भाषा पुढे आणली. जमलेली आज्ञावली व माणसांच्या अंगवळणी पडलेली सवय, हीदेखील मालमत्ताच.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तोच सर्वांत महाग पडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली. यंत्रणा जुनी, कोबोलमधील. गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक द्यावी लागली. येथे भाषेचा दोष मी मानीत नाही; दशकानुदशके तिने काम दिले. ती जाणणारी नवी माणसे वेळीच तयार केली गेली नाहीत. घसाऱ्याची तरतूद न केलेल्या यंत्राची जी गत होते, तीच येथे झाली. आणि त्याची झळ हातचे काम गेलेल्या माणसांना बसली.

डॅन मॅकिन्ली यांनी २०१५ साली एका लेखात सुचविले की, प्रत्येक कंपनीजवळ नावीन्यावर खर्चण्यासाठी जणू तीनच नाणी आहेत असे समजावे. ती धंद्याच्या गाभ्यावर खर्चावीत. बाकी ठिकाणी जुनी, माहितीची साधने वापरावीत. कारण जुन्या साधनाचे दोषही ठाऊक असतात.

आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकेत, कारखान्यात किंवा सहकारी संस्थेत जातील व अशा खर्चाच्या कागदांवर त्यांना सही करावी लागेल. तेव्हा तज्ज्ञांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. हे साधन आमच्या कामाच्या जातीचे आहे काय? ते जाणणारी माणसे आमच्याजवळ किंवा आमच्या गावी मिळतील काय? हे लिहिणारा सोडून गेल्यावर दहा वर्षांनी ते कोण सांभाळील? पहिल्या दोहोंची उत्तरे चटकन मिळतात. तिसऱ्याचे मिळेपर्यंत सही करू नये.