कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी व संप्रेरकरोधक औषधे

शेतकऱ्याच्या घरचे कुत्रे शोभेकरिता पाळलेले नसते. वस्तीवरील कडब्याची गंजी, मळ्यातील कणसे आणि मेंढरांचा वाडा यांची राखण हे त्याचे काम होय. सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात उंच पायांची, बारीक कमरेची कारवानी कुत्री या कामी पुष्कळ ठिकाणी आढळतात. बैल किंवा म्हैस आजारी पडली असता आपण तत्काळ पशुवैद्याकडे धाव घेतो. परंतु कुत्र्यास घरात पडलेली कोणतीही गोळी भाकरीत घालून देण्याची चाल अद्याप आहे. म्हणून ज्या औषधांनी कुत्र्याच्या शरीरातील एका लहानशा पण प्राणरक्षक ग्रंथीचे काम कमी होते अथवा बंद पडते, त्यांची माहिती आमच्या वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्रंथीचे स्थान व कार्य. प्रत्येक मूत्रपिंडाजवळ एक याप्रमाणे अधिवृक्क ग्रंथी दोन असतात. त्यांच्या बाहेरील थरांत मुख्यत्वेकरून दोन संप्रेरके तयार होतात. पहिले कॉर्टिसॉल, उपास, श्रम, ताप, भय अशा प्रसंगी शरीरास तग धरण्याचे बळ यामुळे मिळते. दुसरे अल्डोस्टेरॉन, रक्तातील सोडियम व पोटॅशियम या क्षारांचा तोल हे राखते.

कॉर्टिसॉलचा कारभार जुन्या महसुली व्यवस्थेसारखा चालतो. मेंदूतील वरिष्ठ केंद्र म्हणजे हुजूर कचेरी, त्याखालची पीयूषिका ग्रंथी म्हणजे मामलेदार, आणि अधिवृक्क ग्रंथी म्हणजे गावचा वसूल भरणारा कामगार. भरणा कमी झाला की मामलेदाराचा तगादा वाढतो. भरणा पुरेसा झाला की तगादा थांबतो. हा तगादा म्हणजेच ए. सी. टी. एच. नावाचे संप्रेरक. अल्डोस्टेरॉनचे खाते मात्र बहुतांशी निराळे असून ते मूत्रपिंडाच्या हुकमतीने चालते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

आधिक्याचा रोग. कॉर्टिसॉल दीर्घकाळ प्रमाणाबाहेर झाले म्हणजे जो रोग होतो त्यास कुशिंगचा रोग म्हणतात. डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मनुष्यांतील या विकाराचे सविस्तर विवेचन केले. कुत्र्यांत तो बहुधा उतारवयात दिसतो. शंभरांपैकी सुमारे ८० ते ८५ रोग्यांत मूळ दोष पीयूषिकेतील गाठीत असतो. उरलेल्यांत खुद्द अधिवृक्क ग्रंथीवर गाठ असते. तहान व लघवी वाढणे, अतिशय भूक, धाप, पोट सुटणे, दोन्ही कुशींवरील केस सारखेच झडणे व कातडी पातळ होणे ही त्याची लक्षणे होत. निरोगी कुत्रे दिवसास वजनाच्या दर किलोस सुमारे ५० ते ६० मिलिलीटर पाणी पिते. हे मान १०० च्या वर गेले तर संशय धरावा. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटरांहून अधिक पाणी पिणे हे चिन्ह बरे नव्हे. मात्र आपल्याकडील वैशाखात सर्वच जनावरे जास्त पाणी पितात, सबब घरच्या दुसऱ्या कुत्र्याशी तुलना करून पाहावे.

पहिले औषध: मायटोटेन. याचा इतिहास शेतकऱ्याने अवश्य जाणावा. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधला व त्याबद्दल त्यांस १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील डीडीडी हे द्रव्य कुत्र्यांस खाऊ घातले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींचा बाहेरील थर झडून जातो, असे नेल्सन व वुडर्ड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. पिकावरील किडीचे विष कुत्र्याच्या नेमक्या याच ग्रंथीवर घाव घालते, हे त्यावरून कळले. पुढे त्यातूनच मायटोटेन हे औषध निघाले. ते कॉर्टिसॉल बनविणाऱ्या पेशींचाच नाश करते. अल्डोस्टेरॉनचा थर बहुधा वाचतो. परंतु मात्रा अधिक झाल्यास तोही जातो आणि ती हानी कायमची ठरू शकते.

दुसरे औषध: ट्रायलोस्टेन. हे पेशी मारीत नाही. संप्रेरक बनविण्याच्या साखळीतील एका विकराचे काम ते काही तास अडवून धरते. कोठार पाडण्याऐवजी त्यास कुलूप घालावे, तसा हा प्रकार होय. अमेरिकेत कुत्र्यांकरिता त्यास २००८ साली मान्यता मिळाली. कॉर्टिसॉल उतरले की पीयूषिकेचा तगादा वाढतो, आणि त्यामुळे औषध चालू असता ग्रंथी आकाराने मोठ्या झालेल्याही दिसतात. औषध थांबविल्यास बहुतेक कुत्र्यांत ग्रंथीचे काम पुन्हा सुरू होते. क्वचित् प्रसंगी मात्र ग्रंथीचा भाग मरून ती दुर्बळच राहते. बुरशीवरील केटोकोनाझोल या औषधानेही कॉर्टिसॉलची निर्मिती कमी होते, हे लक्षात ठेवावे.

उलट बाजूचा धोका. खाज किंवा सूज यांवर दिली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी औषधे म्हणजे बाहेरून केलेला भरणा. असा भरणा आठवडेच्या आठवडे चालला की तगादा बंद पडतो व गावचा कामगार आळसावतो. म्हणजे ग्रंथी आक्रसतात. मग खाज थांबली म्हणून गोळी एकाएकी बंद केली, तर खजिना रिकामा आणि भरणारा कोणी नाही, अशी स्थिती येते. म्हणून ही औषधे पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे हळूहळू उतरवीत बंद करावी लागतात.

धोक्याची लक्षणे. कॉर्टिसॉल फार खाली गेले असता कुत्रे अन्न सोडते, मलूल पडते, वांती व हगवण होते, अंग थरथरते, आणि शेवटी ते कोसळते. अल्डोस्टेरॉनही घटले असेल तर रक्तातील सोडियम कमी व पोटॅशियम अधिक होऊन हृदयाची गती मंदावते. नैसर्गिक रीतीने होणाऱ्या अशाच न्यूनतेस अ‍ॅडिसनचा रोग म्हणतात. त्याचे वर्णन थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली केले. ही लक्षणे अपचनासारखी भासतात, आणि येथेच घात होतो. ट्रायलोस्टेन किंवा मायटोटेन चालू असलेल्या कुत्र्याने एक वेळचे अन्न नाकारले, तरी पुढील मात्रा देऊ नये व त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. शिरेतून सलाईन व संप्रेरकाची सुई वेळेवर मिळाल्यास बहुतेक कुत्री वाचतात.

पाळावयाचे नियम.

१. रोगाचे निदान रक्ततपासणीने झाल्याशिवाय ही औषधे सुरू करू नयेत.

२. ट्रायलोस्टेन अन्नाबरोबरच द्यावे. रिकाम्या पोटी ते नीट शोषले जात नाही.

३. औषध सुरू केल्यावर सुमारे १० ते १४ दिवसांनी, नंतर चार आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी व पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी करावी. तीत ए. सी. टी. एच. टोचण्यापूर्वी व नंतर कॉर्टिसॉल मोजतात. त्यावरून ग्रंथीत शक्ती किती उरली आहे हे कळते.

४. मूत्रपिंड वा यकृत बिघडलेले असल्यास, अथवा हृदयाची औषधे चालू असल्यास, ते पशुवैद्यास आधी सांगावे.

५. घरातील गर्भवती स्त्रीने या औषधांस हात लावू नये. इतरांनीही कॅप्सूल न फोडता द्यावी व नंतर हात धुवावेत.

६. पाणी, अन्न, वजन व दिलेली मात्रा यांची रोजची नोंद वहीत करावी.

शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल. परंतु तपासणीची सोय पुण्यासारख्या शहरी, आणि कुत्रे सांगोल्याच्या माळावर, अशी आपली स्थिती असल्याने पशुवैद्याचा पुष्कळ निर्णय या वहीवरच अवलंबून राहतो. मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने साक्ष देणारी ही वही असते, आणि ती खरी व नित्य लिहिलेली असावी, इतकीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे.