कोंडाणे लेणी : दगडातली शांतता आणि एका शिष्याचं नाव



कर्जत-खालापूरकडच्या शाळांत 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' हा निबंध दिला की वह्यांमध्ये माथेरान येतं, महडचा वरदविनायक येतो. कोंडाण्याची लेणी क्वचितच कुणी लिहितं. आपल्याच डोंगरात दोन हजार वर्षांपासून आहेत, तरी. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

कर्जत स्टेशनवरून रिक्षाने कोंदिवडे गाठायचं. पुढे कोंडाणे गाव, आणि तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलातून साधारण तासाभराची चढण. खाली उल्हास नदीचं खोरं. आज खोपोलीची मुलं बोरघाटातल्या गाड्या रोज बघतात. त्या काळीही कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच डोंगररांगेतल्या वाटांनी घाटावर चढायचा. वाटेवर व्यापारी, व्यापाऱ्यांचं दान, आणि पावसाळ्यात एका जागी राहायला भिक्खूंना निवारा, असं हे गणित. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी फिरायचं नाही, एकाच ठिकाणी राहायचं; याला वर्षावास म्हणतात. आपल्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची. एक चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, आणि शेजारी विहार, म्हणजे राहण्याची जागा. चैत्यगृह सुमारे ६६ फूट लांब आणि २८ फूट उंच. आपल्या वर्गखोलीचं छत साधारण दहा-बारा फुटांवर असतं, त्यावरून मुलांना अंदाज करायला सांगा. पाण्याने खांबांचे खालचे भाग झिजून गेलेत, त्यामुळे काही खांब वरून लोंबकळल्यासारखे दिसतात. दर्शनी भिंतीवर मात्र वर बघा. पिंपळपानाच्या आकाराच्या कमानी, कठड्यांची नक्षी आणि नाचणारी जोडपी अजून आहेत. सगळी नक्षी लाकूडकामाची, फक्त दगडात केलेली. विहाराच्या छताला तर दगडी तुळया आहेत. त्यांची बांधकामाला काहीच गरज नव्हती. लाकडी घरं बांधणाऱ्यांची सवय ती, हातातून जात नाही! (घाटावर कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आजही टिकून आहेत.)

आता मुख्य मुद्दा. आत गेल्यावर काय होतं?

आवाज खाली येतो. मी बऱ्याच वेळा गेले आहे, आणि दर वेळी हे पाहिलंय. वाटेत मोबाईलवर गाणी लावून आलेली पोरंसुद्धा आत आल्यावर कुजबुजतात. एकदा खोपोलीकडच्या एक आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या. चपला बाहेर काढल्या, स्तूपासमोर फुलं ठेवली आणि हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. त्यांचा आवाज बारीक, पण तो पूर्ण दालनभर फिरून परत आला. नातवंडं तर गप्प झालीच, पण बाजूला फोटो काढणारा घोळकाही थांबला. मी भिंतीला टेकून बसले होते. माझ्या डोक्यात परतीच्या लोकलपासून तपासायच्या राहिलेल्या वह्यांपर्यंत काय काय चाललं होतं, ते सगळं थांबलं. किती वेळ, सांगता येणार नाही. रडू आलं नाही, काही दिसलं वगैरे नाही. नुसतं थांबलं.

याला आध्यात्मिक अनुभव म्हणायचं का? मी म्हणते, म्हणावं. फक्त मुलांना सांगताना चमत्कार म्हणून सांगू नये, कारण इथे तो अनुभव कुणीतरी विचार करून घडवलेला आहे. दालन लांबट, मागे अर्धगोल, त्यामुळे आवाज घुमतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अर्धवट अंधार, आणि समोरच्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड आत स्तूपापर्यंत. खांबांच्या मागून प्रदक्षिणेची वाट. आणि स्तूपाला चेहरा नाही. बुद्धमूर्ती पूजेत येण्याआधीची ही लेणी. बघायला चेहरा नसला की माणूस आपोआप स्वतःकडे वळतो, असं मला वाटतं. कसं घडवलंय ते कळल्यावर माझा अनुभव कमी झाला नाही, उलट पुढच्या वेळी जास्त वेळ बसले.

जगात असे अनुभव फार मोठ्या गोष्टींची सुरुवातही ठरले आहेत. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बोधगयेला आले, तेव्हा २६ वर्षांचे होते. वज्रासनाला कपाळ टेकवलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की या जागेची देखभाल करायला भिक्खू येईपर्यंत इथून हलायचं नाही. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली. आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर लाखो घरांसाठी ही लेणी 'जुनं बांधकाम' राहिली नाहीत, आपली झाली. तुमच्या वर्गात अशा घरातली मुलं असतील. सहल ठरवताना हे लक्षात ठेवा. कुणाची पिकनिक असते तिथे कुणाची वंदना असते.

मला स्वतःला मात्र सर्वांत जास्त धरून ठेवलं ते बाहेरच्या एका ओळीने. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भव्य मूर्तीचं डोकं उरलंय. चेहरा पार गेला, शिरोभूषणाचं कोरीवकाम दिसतं. अभ्यासक ते यक्षाचं मानतात. त्याच्या डाव्या खांद्याच्या वर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक ओळ आहे. अर्थ असा : कण्हाचा अंतेवासी बलक याने केलं. कण्ह म्हणजे कृष्ण, आपला कान्हा. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. तो भिक्खूचा शिष्य असेल किंवा कारागिराचा उमेदवार, शब्दात दोन्ही बसतं. पितळखोऱ्याच्या लेण्यातही एका यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास सोनार.

बलकाची ओळ पुन्हा वाचा. आधी गुरूचं नाव, मग स्वतःचं. शिक्षक म्हणून माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. कण्हाने काय शिकवलं, कसं शिकवलं, काही उरलं नाही. शिष्याने नाव लिहिलं म्हणून तो उरला. आणि त्याच परिसरात खिळ्याने कोरलेली बदामातली नावं बघितली की संताप येतो.

जाताना दोन सूचना. भर पावसात लेण्यासमोर धबधबा कोसळतो, देखणा असतो, पण वाट निसरडी आणि वरून दगडही येतात. लहान मुलांना हिवाळ्यातच न्या. आणि आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं माहिती सांगू नका. बसू द्या.

परत आल्यावर परिसर अभ्यासाच्या तासाला हा उपक्रम घ्या : बलकासारखी एक ओळ लिहायची. कुणाकडून शिकलो, मी कोण, काय केलं. आमच्या चौथीत बहुतेकांनी बाईंचं नाव घातलं, ते अपेक्षितच होतं. एकीने आजीचं घातलं, आणि 'केलं'च्या पुढे लिहिलं, भाताची लावणी.