गोबर गॅस : सामान्य विज्ञानाचा एक पाठ
(इयत्ता ७ वी)

उद्देश : शेणापासून वायू कसा होतो हे समजावणे, हे जळण गरिबाच्या घरी कसे पोहोचेल, याचा विचार करावयास लावणे.

विषयप्रवेश : मूर्तिजापूर तालुक्यात पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या जाळण्याची रीत जुनी आहे. शिक्षकांनी विचारावे : घरी जळण कोण आणते? धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? सिलिंडर संपल्यावर काय करतात?

प्रतिपादन : शेण व पाणी समभाग कालवून हवाबंद टाकीत ठेवले असता सूक्ष्म जंतू ते कुजवितात व वायू निर्माण होतो. त्यात निम्म्याहून अधिक भाग मिथेन या ज्वालाग्राही वायूचा असतो. गोवरी जाळली की शेणातील नत्र वाया जातो. टाकीतून निघणाऱ्या मळीत तो टिकतो. अशा रीतीने त्याच शेणापासून चुलीस जळण व शेतास खत, दोन्ही मिळतात. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तयार केलेल्या तरंगत्या टोपीच्या सयंत्राचा खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर प्रसार केला.

उदाहरण : २ घनमीटरच्या सयंत्रावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. त्यास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एका जनावराचे शेण १० किलो धरल्यास जनावरे किती हवीत? (उत्तर : ५.)

येथे शिक्षकांनी थांबावे. ज्या मजुराच्या दारी एकही जनावर नाही, त्याने काय करावे? हाच पाठाचा गाभा होय. काही घरांनी मिळून सामाईक टाकी बांधणे हा एक मार्ग. पण शेण कोणी द्यावे व वायू कसा वाटावा, हे आधी ठरावे लागते. उजेडासाठी सूर्य सर्वांचाच आहे. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफुट कॉलेजात आफ्रिकेतील खेड्यांतल्या निरक्षर स्त्रियाही सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकून गेल्या. दुरुस्ती जाणणारे माणूस गावात नसेल, तर टाकी असो वा दिवा, तो लवकरच अडगळीत पडतो.

प्रयोग : बाटलीत समभाग शेण-पाणी पाऊण भागापर्यंत भरून तोंडास फुगा घट्ट बांधावा व ती उबदार जागी ठेवावी. काही दिवसांत फुगा फुगू लागतो. जवळ विस्तव आणू नये.

गृहपाठ : शेजारच्या पाच घरांतील जनावरे व रोजचे जळण यांची नोंद करून आणावी. गाडगे महाराजांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे गावी गेले. त्यांनी खराट्याने झाडलेल्या गावांचे स्मरण देऊन, उकिरड्यावरील शेणाचा सदुपयोग हीही ग्रामसेवाच आहे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.