दत्तक गावात पाऊल टाकण्याआधी

अगं, विद्यापीठाच्या ग्रामीण आरोग्य उपक्रमाची जबाबदारी तुझ्याकडे आली हे कळलं आणि मनापासून आनंद झाला. तू ती नीट निभावशील, याबद्दल मला शंका नाही. तरी थोरल्या बहिणीच्या हक्काने काही सांगते.

राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर सात दिवसांचं. तेवढ्यात प्रभातफेरी होते, श्रमदान होतं, आरोग्य तपासणी होते, समारोपाला पाहुणे येतात आणि आठव्या दिवशी मुलं घरी जातात. मुलं या दिवसांत खूप शिकतात, ते मी नाकारत नाही. पण त्या सात दिवसांनी गावाचं आरोग्य सुधारत नाही. त्याच योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं असतं. खरी ताकद त्या तासांत आहे. ते तास दत्तक गावाकडे वळव.

आणि शिबिराची तारीख विद्यापीठाच्या कॅलेंडरवरून ठरवू नकोस, गावाला विचार. डिसेंबरात कापूसवेचणी जोरात असते, बायका दिवसभर रानात. बीडकडच्या कित्येक वाड्यावस्त्यांवरून दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जातात, मागे म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. अशा वेळी दुपारी बाराला महिला मेळावा ठेवला, तर येणार कोण? रात्री जेवणं आटोपल्यावर बस त्यांच्यात. बोलतात बायका, फक्त त्यांना सवड हवी आणि ऐकणारं कुणी हवं.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. गावात बाई मुकाट सोसते ते किती, हे या दोन आकड्यांवरून समज.

आता रक्ताचंच घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शिबिरात हिमोग्लोबिन तपासायला तुझी मुलं उत्साहाने तयार होतील. पण ज्या बाईचं सात भरलं, तिचं पुढे काय? ते ठरल्याशिवाय एकाही बोटाला सुई टोचू देऊ नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोल. गोळ्या कुठून मिळणार, कुणाला लगेच दवाखान्यात न्यायचं, गाडीची सोय काय, पुन्हा रक्त कधी तपासायचं, हे सगळं आधी पक्कं कर. आणि आकडा ज्या त्या बाईलाच हळू आवाजात सांगायचा, माइकवर नाही.

गोळ्या दिल्या म्हणजे त्या पोटात गेल्या, असं धरून चालू नकोस. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, मळमळतं. हे कुणी आधी सांगत नाही, मग बाई घाबरते आणि पाकीट फळीवर पडून राहतं. काळं होण्यात भिण्यासारखं काही नाही, मळमळलं तर जेवणानंतर घ्या, गोळीच्या आगेमागे चहा टाळा, लिंबू चालेल, एवढं मुलांनी घरोघर जाऊन साध्या शब्दांत सांगितलं पाहिजे. आणि दोन आठवड्यांनी परत जाऊन विचारलं पाहिजे, ‘काकू, गोळ्या घेताय ना?’ माझ्या मते हा दुसरा फेरा पहिल्याहून मोलाचा.

गावातली आशाताई, अंगणवाडीताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांना डावलून तर काहीच करू नकोस. कुणाच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, कुणाचं लेकरू वजनात मागे आहे, हे आशाताईला तोंडपाठ असतं. तिला व्यासपीठावर नुसता नारळ देऊन सत्कार करू नका, नियोजनाच्या बैठकीत बसवा. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं आणि पुढे फारशी अक्षरओळख नसलेल्या बायकांनाच ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. शिकलेल्या माणसाने गावात कसं वागावं, याचा धडा मला तिथे दिसतो. मुलांना एकदा तरी जामखेड दाखवून आण.

एक काळजी मात्र घे. तुझी मुलं डॉक्टर नाहीत. उत्साहाच्या भरात रक्तदाबाची गोळी बदला, सलाईन लावून घ्या, असले सल्ले ती देणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजाव.

विद्यापीठाला अहवाल लागतो, फोटो लागतात, ते दे. पण त्याची एक मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेव, बायकांची नावं वगळून. गावाची माहिती गावाला मिळायला हवी. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत तो वाचून दाखव, म्हणजे पाण्याच्या टाकीचं किंवा बंद उपकेंद्राचं बोलणं निघेल.

तेव्हा उद्घाटनाच्या पत्रिका छापायला टाकण्याआधी आशाताईला फोन कर, तिच्या सोयीची वेळ विचार आणि या आठवड्यातच तिला जाऊन भेट.