मनाचा ताण आणि मल्टिपल स्क्लेरोसिस



घरात दुःखाची घटना घडते आणि काही महिन्यांनी धडधाकट माणसाचा पाय लटका पडू लागतो. मग लोक म्हणतात, "धसका घेतला, त्यानंच झालं." मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल हा समज जुना आहे. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे नीट वर्णन केले. दीर्घ शोकाचा त्याच्याशी संबंध असावा, असे त्यांनाही वाटे.

हा रोग म्हणजे काय? मोटारीच्या वायरीवर जसे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे असते. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच मेंदूतले व मज्जारज्जूतले हे आवरण कुरतडते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. रोग बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही.

मग ताणाने हा रोग होतो का? डेन्मार्कमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मूल गमावलेल्या आईबापांत तो इतरांपेक्षा काहीसा जास्त दिसला. उलट अमेरिकेतील परिचारिकांच्या २०११ च्या अभ्यासात घरच्या वा कामाच्या ताणाने धोका वाढलेला दिसला नाही. २०२२ साली अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून कळले, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर धोका सुमारे ३२ पट वाढतो. पण हा विषाणू बहुतेकांना गाठतो. रोग मात्र थोड्यांनाच होतो. आनुवंशिकता, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग आत सुरू झालेला असू शकतो. म्हणून सासूच्या बोलण्यावर किंवा नवऱ्याच्या कर्जावर खापर फोडू नये. रोग्यानेही स्वतःला दोष देऊ नये.

मात्र रोग जडल्यावर ताण जपावा. ताणाच्या प्रसंगानंतर रोग उसळण्याचे प्रमाण वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. रोग्याला पुरेशी झोप मिळू द्या, कामाचा भार वाटून घ्या. उन्हाने लक्षणे तात्पुरती वाढतात. म्हणून शेतकाम सकाळी लवकर उरकावे.

पुढील लक्षणे ओळखा: एका डोळ्याने अंधुक दिसणे व डोळा हलवताना दुखणे, हातापायांना बधिरपणा, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे. ती एक दिवसाहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मुंग्या येतात. म्हणून तपासणीशिवाय निष्कर्ष काढू नका. मेंदूविकारतज्ज्ञ एम.आर.आय. करून निदान करतात. रोग मुळापासून जात नाही, पण आजच्या औषधांनी त्याचे झटके कमी होतात. औषधे जितकी लवकर सुरू होतील तितका फायदा अधिक. "टेन्शन आहे, जाईल आपोआप" म्हणून बसून राहणे, हेच खरे नुकसानीचे.