सुट्टीचे सात दिवस

दिवाळीची सुट्टी लागली, की पहिल्या दिवशी सगळे उशिरा उठतात. त्यात वाईट काही नाही. दुसऱ्या दिवशीही झोप होते. तिसऱ्या दिवशी मात्र करमत नाही. मित्र मामाच्या गावी गेलेला असतो, मोबाइल मोठ्या भावाच्या हातात असतो, आणि अम्मी विचारते, "आज काय करणार?" तुमच्याजवळ उत्तर नसते. हा पाठ त्या तिसऱ्या दिवसासाठी आहे.

तुम्ही कंधारचे असाल, किंवा जवळच्या लोहा, मुखेड, अहमदपूरकडचे असाल, तर हे दिवस कामाचे असतात हे तुम्हाला माहीत आहे. सोयाबीन निघालेले असते. कापसाची वेचणी चालू असते. तूर शेतात उभी असते आणि रब्बी ज्वारीची पेरणी झालेली असते किंवा होत असते. शेत नसले तरी घरात काम असतेच. पाणी भरायचे, ज्वारी गिरणीवर न्यायची, बाजारातून भाजी आणायची, पावसाळ्यात दमट झालेल्या रजया उन्हात टाकायच्या.

घरच्या कामात एक फायदा आहे. पुस्तकात सहसा न सापडणारी मराठी तिथे सापडते. धान्य साफ करण्याचेच पाहा. सुपात धान्य घेऊन उडवणे आणि फोलपट बाहेर टाकणे म्हणजे पाखडणे. चाळणीतून बारीक माती खाली पाडणे म्हणजे चाळणे. ताटात धान्य पसरून एकेक खडा बोटाने बाजूला करणे म्हणजे निवडणे. तीन कामे आणि तीन शब्द. शेजारच्या काकूंजवळ बसून अर्धा तास तूर निवडा, मग यांतला एकही शब्द पाठ करावा लागणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू. बऱ्याच घरांत सुट्टी मुलांना मिळते आणि मुलींना फक्त शाळेतून घरी यायला मिळते. भाऊ क्रिकेट खेळून येतो, जेवतो आणि पुन्हा जातो. बहीण भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, आणि पुस्तक हातात घेते तेव्हा तिचे डोळे मिटू लागतात. दोघांची परीक्षा एकच आहे, प्रश्नपत्रिकाही एकच आहे. मुलांनो, पाणी भरण्यासाठी आणि झाडू मारण्यासाठी वेगळे हात लागत नाहीत. भावाने रोज सकाळचा एक तास काम केले, तर बहिणीला वाचायला रोज एक तास मिळतो, म्हणजे आठवड्याचे सात तास. सात तासांत एक चांगले पुस्तक वाचून होते.

सुट्टीतल्या साफसफाईत आणखी एक काम निघते. घरात कुठेतरी दादाजींची लोखंडी पेटी असते. ती उघडायची तर दादीची परवानगी घ्या. आत जुने कागद असतील. काही उर्दूत, काही मराठीत. असे का, याचे कारण इतिहासात आहे. कंधार पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. तेथील कचेऱ्यांचे काम उर्दूत चाले. हैदराबादला 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कारभाराची भाषा बदलली. पेटीतले कागद मात्र जसेच्या तसे राहिले.

त्या कागदांवरची तारीख पाहून गोंधळू नका. "खुरदाद 1345 फसली" असे काही लिहिलेले असेल. निजामाच्या राज्यात फसली साल चालत असे. ते ऑक्टोबरात सुरू होई आणि त्याचे महिने आजर, दै, बहमन असे इराणी नावांचे असत. म्हणून फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदासाठी 590 मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी 591. खुरदाद हा सातवा महिना, म्हणजे एप्रिलच्या आसपासचा. तेव्हा आपला कागद 1936 सालचा ठरतो.

अक्षर मात्र चटकन लागणार नाही. जुने कारकून घाईने, शिकस्ता वळणात लिहीत. ती वळणे तुमच्या पुस्तकातल्या नस्तालीकसारखी सुबक नसतात. एखादी ओळ लागली नाही, तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. त्याच पेटीत मराठीतला सातबाराही असेल. त्यात दादीला वाचता न येणारे शब्द असतात. ती तुमच्याकडे पाहते. शेजारच्या घरात याच्या उलट होते. त्यांना सातबारा वाचता येतो, पण पणजोबांचा उर्दू कागद वाचता येत नाही. दोन्ही कागद वाचू शकेल असा त्या गल्लीत कदाचित तुमच्याशिवाय कोणी नसेल. हे लहान काम नाही. 2023 साली सरकारने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली होती.

कागद हाताळताना जपा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा प्लॅस्टिक चिकटले, की जुना कागद त्यातून सुखरूप निघत नाही. घडी वारंवार घालू नका. वाळवी आहे का ते पाहा. कोणी मागितला तर झेरॉक्स द्या, मूळ कागद घरातच ठेवा.

सातबारा आणि फेरफार वाचताना तुम्हाला ओळखीचे शब्द भेटतील: अर्ज, वारस, हिस्सा, कब्जा, हरकत, नक्कल, तहसीलदार. गावांची नावेही पाहा. एकाच नावाची दोन गावे असली, तर एक खुर्द आणि एक बुद्रुक असते. खुर्द म्हणजे लहान, आणि बुद्रुक हा तुमचा बुजुर्ग.

पण सगळेच ओळखीचे शब्द विश्वासाचे नसतात. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचे पत्र. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत मात्र "त्याने प्रयत्नांची शिकस्त केली" म्हणजे करता येईल तेवढे सगळे केले. एखाद्याने शिकस्त केली असे वाचून तो हरला समजलात, तर सगळी गोष्ट उलटी होईल!

या दोन भाषांमध्ये आयुष्यभर ये-जा केलेला एक माणूस तुमच्याच भागातला होता. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म 1910 साली निलंग्याला झाला. ते हैदराबाद राज्यात सरकारी अधिकारी होते. त्यांनी इतिहास लिहिला, गोंडी भाषेचा अभ्यास केला, आणि गालिबसारख्या उर्दू कवींची ओळख मराठी वाचकांना करून दिली. त्यांची घरची भाषा उर्दू नव्हती. ती त्यांनी शिकून आपलीशी केली.

वाचायला काय घ्यावे? बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक मोबाइलवरही वाचता येतात, म्हणजे भावाच्या हातातल्या त्या मोबाइलचा काही उपयोग होईल. डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' तुम्ही उर्दूत वाचली असेल. ती दादीला मराठीत सांगून पाहा. कुठे अडता ते लगेच कळेल. वाचताना प्रत्येक अवघड शब्दापाशी थांबू नका. पान संपू द्या. निम्म्या शब्दांचा अर्थ पुढच्या ओळीच सांगतात.

एक संध्याकाळ किल्ल्यासाठी ठेवा. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळातला मानतात. दहाव्या शतकातील राजा तिसरा कृष्ण याच्याशी त्याचे नाव जोडले जाते. भोवती खंदक आहे, दगडी तट आहे. आत अरबी-फारसी शिलालेखही आहेत. इतर लोक त्यांच्याकडे नक्षी म्हणून पाहतात, तुम्हाला त्यातली काही अक्षरे तरी ओळखता येतील. एखादा शब्द लागला, तर तो वहीत लिहून आणा. जवळ कोयला किंवा खडू ठेवू नका. भिंतीवर नाव लिहिणारे पुष्कळ आहेत.

सातव्या दिवशी पेटीतल्या कागदांची यादी मराठीत लिहा: कागद कशाचा, कोणाच्या नावाचा, साल कोणते. यादीची एक प्रत पेटीत ठेवा आणि दादीला वाचून दाखवा. एखाद्या नावापाशी ती तुम्हाला थांबवील. ते नाव पुन्हा वाचा.

स्वाध्याय
1. पाखडणे, चाळणे आणि निवडणे यांतील फरक सांगा.
2. 'बहमन 1350 फसली' म्हणजे इसवी सनाचे कोणते साल? (बहमन हा तिसरा महिना आहे.)
3. 'राजीनामा' हा शब्द मराठी अर्थाने आणि उर्दू अर्थाने वापरून दोन वाक्ये लिहा.
4. तुमच्या घरात सुट्टीत कोण किती तास काम करते? सर्वांना विचारून तक्ता करा.