विषय दिलेला हायकू

एखाद्या मासिकाचा संपादक ‘पाऊस’ हा एकच विषय देऊन हायकू मागवितो, तेव्हां त्याच्या टपालांत काय येऊन पडत असेल याची कल्पना करा. पहिल्या ओळींत पाऊस, दुसरींत हिरवी धरित्री आणि तिसरींत आनंदलेलें मन! विषय दिला म्हणजे त्याचें नांव घेण्याची आज्ञाच झाली, असा समज ह्या घोटाळ्याच्या मुळाशीं आहे.

हायकू हा मूळचा जपानी. सतराव्या शतकांत बाशो (१६४४–१६९४) ह्या कवीनें त्याला थोरवी आणिली; ‘हायकू’ हें नांव मात्र पुढें मासाओका शिकी (१८६७–१९०२) ह्यानें रूढ केलें. अशा कवितेंत ऋतु सुचविणारा एक शब्द घालावयाचा, ही तिकडील जुनी चाल. अशा शब्दांचे ऋतुवार कोशच तेथें आहेत. बेडूक म्हटला कीं वसंत आणि चंद्र म्हटला कीं शरद्, हें तेथील वाचकास सांगावें लागत नाहीं. ठराविक विषयावर हायकू रचण्याचीही तेथें परंपरा आहे. १८९७ सालीं निघालेल्या ‘होतोतोगिसु’ मासिकानें वाचकांचे हायकू निवडून छापले आणि त्यांतून कित्येक कवि पुढें आले.

परकें बीज रुजविणें मराठीस नवें नाहीं. केशवसुतांनीं १८९२ सालीं इंग्रजी सॉनेट मराठींत आणिलें. १९२३ सालीं पुण्यांत निघालेल्या रविकिरण मंडळाचे माधव जूलियन यांनीं फारशी गज्जल आणिली. हायकू मराठींत रुजविण्याचें श्रेय आचार्य अत्रे यांच्या कन्या शिरीष पै (१९२९–२०१७) यांजकडे जातें. त्यांनीं तीन ओळी राखिल्या, पण सतरांचें गणित राखिलें नाहीं. बहुधा यमक मात्र जुळविलें. हें योग्यच झालें. जपानी लोक जें मोजतात तें आपल्या अक्षरापेक्षां मात्रेच्या अधिक जवळचें आहे. ‘तोक्यो’ हीं आपल्या कानाला दोन अक्षरें. तेथील दोन्ही ओकार दीर्घ, म्हणून ते चार मोजतात. तेव्हां पांच-सात-पांच अक्षरें बोटांवर मोजलीं कीं हायकू झाला, हें मला पटत नाहीं.

आतां पावसाकडे वळूं. एक नमुना केवळ समजुतीसाठीं येथें रचून देतों:

वर्गाबाहेर
मिटलेल्या छत्र्यांची रांग;
एकीखालीं तळें.

येथें पाऊस हा शब्द नाहीं, आणि आनंद किंवा दुःखही नाहीं. इतर छत्र्या निथळून गेल्या. एक अजून गळते आहे. म्हणजे कोणी तरी उशिरां आला आहे. तो कां उशिरां आला, गुरुजी काय म्हणाले, हें कवीनें सांगितलें असतें तर वाचकास करावयास कांहीं उरलें नसतें. दोन गोष्टी शेजारीं ठेवाव्या आणि आपण बाजूस व्हावें.

दुसरा दोष उसन्या दृश्यांचा. चेरीचा मोहोर आपण बहुतेकांनीं चित्रांतच पाहिलेला! पुणेकर मुलांच्या ऋतुकोशांत वैशाखांतील बहावा आहे, वळवाची गार आहे, ज्येष्ठाच्या उत्तरार्धांत येणाऱ्या पालख्या आहेत. पालकांनीं घरीं मुलांकडून असा कोश एका वहींत लिहवून घ्यावा. जें स्वतः पाहिलें नाहीं तें त्यांत घालूं देऊं नये, आणि मुलाची ओळ आपण सुधारून तर मुळींच देऊं नये. तसा सुधारलेला हायकू छापून आला, तर मुलाच्या नांवाखालीं बापाची कविता छापली जाते.

संपादकाकडे धाडतांना वीस हायकूंतून तीन निवडावे. ते स्वच्छ अक्षरांत लिहावे, नक्कल आपल्याजवळ ठेवावी आणि तेच हायकू त्याच वेळीं दुसरीकडे पाठवूं नयेत. नापसंतीचें उत्तर आलें, तर पुढील विषयाची जाहिरात पाहावी. ‘पाऊस’ अंकांत न बसलेला हायकू ‘शाळा’ अंकांत बसूं शकतो. वरील छत्र्या दोहोंकडे चालतील.